वावडे

पहाटे साडेपाचला गजर वाजायचा आणि अंथरुणातून पाय खाली टेकण्याआधीच माझी पहिली शिंक यायची. त्यानंतर पंधरा, कधी वीस, कधी मोजदाद सुटेपर्यंत. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सासरे बाहेर पडायच्या बेतात असताना मी शिंकले की ते चपला काढून परत आत येत, दोन घोट पाणी पीत आणि मगच निघत. हा नियम पाळायचा तर कचेरीत एकाही दिवशी वेळेवर पोचता येणार नाही, हे दोन-तीन महिन्यांत त्यांच्या ध्यानात आले आणि माझ्या शिंका शकुन-अपशकुनाच्या हिशेबातून कायमच्या वगळल्या गेल्या. शेजारच्या काकू तर म्हणत, तुझ्या शिंका ऐकू आल्या की मी दुधाचे पातेले गॅसवर चढवते.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसातले सात-आठ तास दुसऱ्यांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात जातात, त्यामुळे या दुखण्याच्या नावाशीही माझे जुने भांडण आहे. कुणी ते ‘ऍलर्जी’ असे लिहून पाठवतो, कुणी ‘एलर्जी’ असे, आणि मी इमानेइतबारे सगळीकडे ‘ॲलर्जी’ करत जाते. शब्द परका असला तरी गोष्ट आपल्याकडे नवी नाही. तिच्यासाठी ‘वावडे’ हा चांगला जुना शब्द आहे. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, एखाद्याला पाहुण्यांचे. मात्र या शब्दात एक गोम आहे. वावडे कशाचे, हे ज्याचे तो किंवा त्याच्या घरचे ठरवतात, आणि एकदा ठरले की त्याला पुरावा मागण्याची पद्धत नाही.

माझी वावडी आईने ठरवली होती. माहेर चिपळूणचे. जून ते सप्टेंबर आमच्या घरात काहीही धड वाळत नसे. कपाटातल्या चपलांवर बुरशी धरे, काडेपेटीतली काडी पेट घेत नसे, आणि मी शिंकत असे. आईने त्याचा अर्थ ‘थंड बाधते’ असा लावला. सहावीत असताना माझे दही बंद झाले, आठवीत केळे, आणि शिकरण हा पदार्थ त्यानंतर तीसेक वर्षे मी फक्त इतरांच्या वाटीत पाहिला. अंगावर पित्त उठले की आमसूल भिजवून त्याचे पाणी फासायचे, नाक चोंदले की वाफारा घ्यायचा, आणि कशानेच भागले नाही तर हळद घातलेले दूध प्यायचे. दूध चालते तर दही का नाही, हे विचारायचे मला सुचले नाही. आईला दोष देण्याचा माझा हेतू नाही. हाताशी जे होते त्यातून तिने कारण शोधले आणि ते चुकले, इतकेच; मोठेपणी मी तर पैसे मोजून चुकले.

ती चूक अशी. चाळिशी ओलांडली तेव्हा नाक रात्रभर बंद राहू लागले. औषधांच्या दुकानातून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब मी घालू लागले, आणि आठवडाभरासाठी आणलेली ती बाटली तीन वर्षे उशाशी राहिली. दिवसा गोळी घेत असे. तिने शिंका थांबत, पण डोळ्यांवर अशी झापड येई की एकदा एका स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर ‘अध्यक्षीय’मधला दीर्घ मी ऱ्हस्व जाऊ दिला. अशा दिवसांत कुणीतरी सांगितले म्हणून घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या एका प्रयोगशाळेकडून ‘अन्न-असहिष्णुता’ चाचणी करून घेतली. अहवाल रंगीत होता. लाल, पिवळा, हिरवा अशा तीन पट्ट्यांत दीडशेहून अधिक पदार्थ मांडलेले होते, आणि लाल पट्टीत गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे, म्हणजे साधारण मी रोज जे जेवत होते ते सगळे होते. सहा महिने मी ते सोडले. वजन सहा किलोने उतरले, ओळखीच्या बायकांनी बारीक होण्याचे रहस्य विचारले, आणि साडेपाचच्या शिंका पाच पस्तीसलाही ढळल्या नाहीत.

अखेर कर्वे रस्त्याच्या मागच्या एका गल्लीतल्या ॲलर्जीच्या दवाखान्यात नाव नोंदवले. डॉक्टर साधारण माझ्याच वयाच्या. मी रंगीत अहवाल पुढे ठेवला. त्यांनी तो न उघडता बाजूला सरकवला आणि कोरा कागद घेतला. पुढची चाळीस मिनिटे त्यांनी नुसते प्रश्न विचारले.

“दही खाल्ल्यावर किती वेळाने शिंका येतात?”

“दही मी खातच नाही.”

“मग कशावरून म्हणता?”

“आई म्हणते.”

त्या हसल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढे गेल्या. शिंका अंथरुणात असताना सुरू होतात की अंथरूण सोडल्यावर? चादरी झटकताना वाढतात का? नाक वाहते की चोंदते, पाणी पातळ असते की घट्ट, डोळे खाजतात का, टाळू खाजते का? झुरळे आहेत का घरात? कबुतरे? रात्री छातीत सुंसुं वाजते का? घरात आणखी कुणाला दमा? चिपळूणला गेल्यावर काय होते? आणि मग, असा एखादा काळ आठवतो का, की ज्यात अजिबात शिंका आल्या नाहीत? मला लेहची सहल आठवली. आठ दिवस, गोळीविना, थेंबांविना. मी ते सुट्टीचे सुख समजले होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “माझा अंदाज बांधून झाला. आता चाचणी करू, ती फक्त अंदाज ताडून पाहायला.”

लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा कोरडी ठणठणीत असते. याचे महत्त्व मला नंतर कळले.

चाचणीआधी सात दिवस गोळी बंद ठेवायची होती, कारण हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटून खाज-सूज आणणाऱ्या रसायनाचा, परिणाम अडवणारे औषध अंगात असले तर कातडीवर काहीच उमटत नाही. तो आठवडा मी कसा काढला ते लिहिण्यासारखे नाही. हातरुमाल पुरेनात म्हणून जुने पंचे फाडले. आठव्या दिवशी परिचारिकेने माझा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उताणा ठेवायला सांगितला, बॉलपेनने दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर आकडे घातले आणि प्रत्येक आकड्याशेजारी छोट्या कुपीतून एकेक थेंब ठेवला. “ताई, हात सैल सोडा, डोळे मिटले तरी चालतील,” असे म्हणून तिने प्रत्येक थेंबातून बारीक टोकाची सुई कातडीत जेमतेम टोचली. रक्त येत नाही, येऊ द्यायचेही नसते. दर थेंबाला नवी सुई. पहिला थेंब साध्या मिठाच्या पाण्याचा, तिथे काही उठता कामा नये. शेवटचा खुद्द हिस्टामिनचा, तिथे गांध उठलीच पाहिजे. ही दोन टोके खरी उतरली तरच मधल्या आकड्यांना अर्थ. पानभर मजकूर तपासण्याआधी माहीत असलेली एक ओळ वाचून चष्मा पुसावा, तसे मला ते वाटले.

त्यानंतर वीस मिनिटे. खाजवायचे नाही, ही एकच अट. चौथ्या मिनिटाला हिस्टामिनच्या जागी डास चावल्यासारखे झाले. सहाव्या मिनिटाला दोन आणि तीन या आकड्यांशी जी खाज सुटली तिच्यापुढे हिस्टामिन काहीच नव्हते. कातडी आधी लाल झाली, मग मध्ये फिकट, फुगीर, कडांना वेडीवाकडी अशी गांध वर आली आणि बघता बघता दोन्ही आकड्यांच्या गांधी एकमेकींना भिडल्या. बाकीचा हात कोरा होता. तीस वर्षे जे दुखणे नाकातून आवाजाने व्यक्त होत होते ते हातावर असे निमूट उमटलेले पाहणे चमत्कारिक होते.

डॉक्टरांनी पारदर्शक पट्टी लावून मोजले. मिठाचे पाणी शून्य, हिस्टामिन पाच मिलिमीटर. मिठाच्या पाण्याहून किमान तीन मिलिमीटर मोठी गांध उठली तर चाचणी सकारात्मक धरतात. दोन आणि तीन या आकड्यांशी नऊ आणि आठ होते. ते दोन आकडे डस्ट माइट या घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म जिवाच्या दोन जातींचे होते. झुरळ चार. गवतांचे पराग, गाजर गवत, कुत्रा, मांजर, बुरशी शून्य. आणि कोळंबी तीन.

“कोळंबी खाता?”

“चिपळूणची आहे.”

“खाल्ल्यावर कधी ओठ सुजणे, अंगावर उठणे, उलटी, घसा आवळणे?”

“कधीच नाही.”

“मग खात राहा.”

मला वाटते, त्या दवाखान्यात मी जे शिकले ते बहुतांशी या चार ओळींत आहे. माइट, झुरळ आणि कोळंबी यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते आणि ते तिघांत बरेच सारखे असते. माइटविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे परक्या गोष्टी ओळखणारी रक्तातली प्रथिने, कोळंबीला पाहूनही ओळखीची मान हलवू शकतात. मान हलवणे म्हणजे भांडण नव्हे. कातडीवरची गांध शरीर कशाला ओळखते एवढेच सांगते. त्या ओळखीने माणूस आजारी पडतो की नाही, हे त्याच्या ताटाला आणि अंथरुणाला विचारावे लागते. म्हणून तर चाळीस मिनिटांचे प्रश्न आधी आणि वीस मिनिटांची सुई नंतर. हा क्रम उलटा केला की माझ्या रंगीत अहवालासारखे होते, आणि दीडशे पदार्थांच्या यादीत माणूस आपले जेवण हरवून बसतो. त्या अहवालाबद्दल मी शेवटी विचारलेच. डॉक्टर म्हणाल्या की त्यात मोजलेली आयजीजी जातीची प्रतिपिंडे एखादा पदार्थ आपण नेहमी खातो, एवढीच खूण असते. ॲलर्जीत भाग घेणारी जात आयजीई ही आहे. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्नासाठी अशी आयजीजी तपासणी करू नये, असे स्पष्ट सांगितलेले आहे. मी गहू रोज खात होते, म्हणून गहू लाल पट्टीत होता.

माझ्यासारख्या वाचनाच्या व्यसनी माणसाने त्यानंतर जे करायचे तेच केले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ग्रीक धातूंवरून घडवला, आणि त्यांना त्यातून ‘बदललेला प्रतिसाद’ एवढेच म्हणायचे होते. प्रतिसाद चांगला की वाईट हे त्यात नव्हते. कातडीवर ताडून पाहण्याची युक्ती त्याहून जुनी. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली स्वतः परागज्वराने, म्हणजे परागांमुळे येणाऱ्या शिंकांनी, हैराण होते. त्यांनी स्वतःच्याच कातडीवर ओरखडे काढून त्यांत गवताचे पराग चोळले आणि आपले निष्कर्ष १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. आयजीई मात्र १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत कुणाला सापडले नव्हते. अमेरिकेत डेन्व्हर येथे काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले दोन संशोधक असे दोन्हीकडून एकाच सुमारास त्याच्यापाशी पोचले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे लोक गांधी मोजत होते, आणि त्या कशाने उठतात ते त्यांना ठाऊक नव्हते.

दवाखान्यातल्या बाकावर त्या दिवशी माझ्याशेजारी पुरंदर तालुक्यातले एक शेतकरी काका बसले होते. चेहरा, मान, पापण्या, कोपराच्या खोबणी, जिथे जिथे उघडी कातडी होती तिथे ती काळवंडून जाड झालेली, आणि सदऱ्याखालची मात्र साफ. त्याच दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस त्वचारोगतज्ज्ञ बसतात, त्यांच्याकडे ते आले होते. काकांची चाचणी वेगळी: पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजवायची नाही, अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढून बघायचे आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघायचे. कारण ही ॲलर्जी आयजीईची नव्हे. तिच्यात पांढऱ्या पेशी स्वतः उतरतात आणि त्यांना पोचायला वेळ लागतो. माझ्या हातावरचे वीस मिनिटांचे उत्तर काकांच्या काही कामाचे नव्हते, हे मला तिथे बसल्या बसल्या समजले. बायकांना टिकलीच्या गोंदाने कपाळावर होणारा चट्टा किंवा केसांच्या कलपाने होणारी आग, हीदेखील याच पाठीवरच्या पट्ट्यांची प्रकरणे.

काकांच्या पट्टीवर गाजर गवत निघाले. “बांधावर सगळं तेच आहे, जायचं कुठं?” ते म्हणाले. अमेरिका खंडातले हे तण भारतात पहिल्यांदा नजरेस आले ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास. आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्रास सांगतात, आणि खेड्यापाड्यांत त्याला काँग्रेस गवत म्हणतात. ते खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ साली बंगळुरूकडे मुद्दाम सोडले गेले. भुंगेरे पावसाळ्यात पाने खातात, गवतही वाढत राहते, आणि पुरंदरच्या काकांना लांब बाह्यांचा सदरा, कानाला गुंडाळलेला पंचा आणि मलम एवढ्यावर शेती करावी लागते. काही वावड्यांपासून दूर जाता येत नाही.

माझे त्या मानाने सोपे होते, असे मला वाटले. डस्ट माइट हा कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा जीव. तो चावत नाही. आपल्या अंगावरून रोज गळणारा कातडीचा कोंडा तो खातो आणि पाणी पीत नाही. हवेतली ओल अंगाने शोषतो. म्हणून चिपळूणच्या पावसाळ्यात तो सुखी आणि लेहमध्ये जगूच शकत नाही. घरातली धूळ बाधते ती या जिवामुळे, हे १९६४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन येथे व्होरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. आणि बाधणारे मुख्य प्रथिन असते त्याच्या विष्ठेच्या कणांत. हे कण जड असतात, हवेत फार वेळ तरंगत नाहीत. अंथरूण हलले की उडतात आणि अर्ध्या तासात परत खाली बसतात. साडेपाच आणि पाच पस्तीसचा उलगडा एवढाच होता: गजर वाजला की मी पांघरूण फेकून द्यायचे.

ते पांघरूण म्हणजे आईने शिवलेली गोधडी. आजीच्या दोन नऊवारी आणि आईच्या तीन जुन्या साड्या एकावर एक घालून, धावदोरा मारून केलेली, कडेला हिरवा काठ असलेली. मी ती नाकापर्यंत ओढूनच झोपते. डॉक्टरांनी विचारले, कधी धुतली होती? मी म्हटले, उन्हात घालते. लहानपणी वैशाखात गोधड्या कठड्यावर टाकून त्या काठीने बडवण्याचे काम माझ्याकडे असे, आणि संध्याकाळी डोळे सुजत, त्याचे खापर कैरीवर फुटे. उन्हाने माइट मरतात, हे आईचे अगदी बरोबर होते. पण मेलेल्या माइटची घाण गोधडीतच राहते, आणि बडवणारीच्या नाकात जाते.

यानंतर उपचारांची गोष्ट आली, आणि ती डॉक्टरांनी पायऱ्या-पायऱ्यांनी सांगितली. पहिली पायरी अर्थातच अंथरूण. गादी आणि उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ; चादरी-अभ्रे आठवड्याला साठ अंश तापमानाच्या पाण्यात; खोलीतली ओल कमी. केवळ एवढ्याने फरक पडेलच असे नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. दुसरी, नाकातले थेंब. ते त्यांनी माझ्याकडून मागून घेतले आणि माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकले. तीन ते पाच दिवसांपलीकडे हे थेंब वापरले की औषध उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त सुजते, मग पुन्हा थेंब घालावे लागतात. माझे नाक गेली तीन वर्षे माइटपेक्षा त्या बाटलीनेच बंद होते. ते सुटायला दोन आठवडे लागले आणि त्या काळात मी बसून झोपले. तिसरी, नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. स्टिरॉइड म्हटल्यावर माझा चेहरा बदललेला त्यांनी पाहिला असावा. मात्रा सूक्ष्म असते, ती नाकाच्या अस्तरापुरती काम करते आणि रक्तात फारच थोडी उतरते, हे त्यांनी समजावले. मारण्याची रीत मात्र तीनदा करून घेतली. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे नव्हे तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने, आणि जोरात ओढायचे नाही. मी आधी एकदा हाच फवारा वापरून ‘काही उपयोग नाही’ म्हणून टाकून दिला होता. दोन दिवस वापरला होता, आणि नाकाच्या पडद्यावर. त्याचा पुरता गुण यायला दोन आठवडे लागू शकतात.

गोळी त्यांनी बदलून कमी झोप आणणारी दिली. आधीच्या गोळीत मॉन्टेलुकास्ट नावाचे दुसरे औषध जोडलेले होते. मला झोपेत विचित्र स्वप्ने पडतात का, असे त्यांनी विचारले. पडत होती. या औषधाच्या मनावरील परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वांत ठळक प्रतीची सूचना छापायला लावली, आणि साध्या शिंकांसाठी ते शक्यतो देऊ नये असे सांगितले. ते बंद झाले. रात्री झोपण्याआधी उकळून निवलेल्या पाण्यात मीठ-सोडा घालून नाक धुणे सुरू झाले. याला जलनेती म्हटल्यावर सासऱ्यांचा त्या डॉक्टरांवर विश्वास बसला.

फवाऱ्याने शिंका वीसवरून चार-पाचवर आल्या. फुंकर मारण्याच्या चाचणीत छाती मात्र थोडी आवळलेली निघाली. नाकाची ॲलर्जी पुष्कळदा छातीत उतरते, ते दोन वेगळे रस्ते नव्हेत, असे डॉक्टर म्हणाल्या. छातीचे औषध सुरू करून ती पूर्ण मोकळी झाल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनी, त्यांनी चौथी पायरी सुचवली. ज्या माइटने छळले त्याचाच अर्क, अतिशय सौम्य मात्रेपासून सुरुवात करून, दंडाच्या कातडीखाली टोचायचा. पहिले काही महिने दर आठवड्याला मात्रा वाढवत न्यायची आणि मग दरमहा एक अशी तीन ते पाच वर्षे चालू ठेवायची. जिभेखाली धरायचे थेंबही असतात, ते घरी घेता येतात. मी सुई निवडली, कारण घरी रोज न चुकता थेंब घेईन, असा स्वतःबद्दल मला भरवसा नव्हता.

हा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याची सुरुवात एका चुकीतून झाली, हे मला फार आवडते. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी १९११ साली परागज्वराच्या रुग्णांना गवताच्या परागांचा अर्क टोचल्याचे प्रसिद्ध केले. परागांत विष असते आणि ते थोडे थोडे टोचले की शरीर उतारा तयार करील, असा त्यांचा समज होता. परागांत विष नसते. पण रुग्णांना गुण आला. दोनच वर्षांनी नून क्षयाने वारले, ऐन पस्तिशीत, आणि त्यांचे काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेले. आज आपण जाणतो की या सुयांनी शरीर हळूहळू सहन करायला शिकते आणि त्याच पदार्थाविरुद्ध आयजीजी-४ या दुसऱ्या जातीची प्रतिपिंडे बनवते, जी आयजीईच्या आधी जाऊन वाट अडवतात. ज्या कुळातल्या प्रतिपिंडांचे लाल पट्टीतले आकडे दाखवून प्रयोगशाळेने मला गहू सोडायला लावला, त्याच कुळातले हे सहनशीलतेचे लक्षण. हे कळले त्या रात्री मी तीन पोळ्या खाल्ल्या.

सुई टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसून राहावे लागते. त्यात सवलत नाही. परिचारिका भिंतीवरच्या घड्याळाखाली नावासमोर वेळ लिहिते. मी मुद्रिते घेऊन जाते. टेबलावर झाकलेला ट्रे असतो, त्यात ॲड्रेनॅलिनची कुपी आणि सिरिंज. पहिल्या वर्षी तो ट्रे मला शोभेचा वाटे. एका मंगळवारी समोर बसलेला महाविद्यालयीन मुलगा मोबाइल ठेवून तळहात खाजवू लागला, मग मान, मग कोरडा खोकला आला. परिचारिकेने हाक मारली, डॉक्टर आतून आल्या, मुलाला आडवे केले, पायांखाली उशी गेली आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटवरूनच, सुई गेली. एक मिनिटही लागले नसावे. दहा मिनिटांत त्याच्या चेहऱ्याचा लाल रंग उतरला. तरी त्याला लगोलग घरी सोडले नाही, रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवले. आपले शरीर ज्याला शत्रू समजते तेच आपण मुद्दाम आत सोडत आहोत, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. घरपोच ॲलर्जीची लस देतो असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे, असे माझे मत तेव्हापासून आहे.

आता तिसरे वर्ष चालू आहे. फवारा फक्त पावसाळ्यात लागतो. साडेपाचला दोन शिंका येतात, कधी एकही नाही, आणि काकूंचे दूध उतू जाते.

गोधडी धुण्याचा प्रयोग फसला. साठ अंशांच्या पाण्यात आजीच्या लुगड्याचा लाल रंग हिरव्या काठात उतरला आणि आतले जुने सूत धाग्याधाग्याने सुटले. मी ती दुरुस्त केली, पण अंगावर घेतली नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवली. पाडव्याला आई आली तेव्हा कपाट उघडल्यावर ती पिशवी तिच्या हाती लागली. मी सगळे सांगितले: माइट, विष्ठा, लायडन. आईने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “अगं, मग माझी मला दे परत. मला कुठं काय होतंय?” तेवढ्यावर विषय संपला आणि गोधडी चिपळूणला गेली. दुपारी तिने शिकरण केले. वाटी माझ्यापुढे ठेवली आणि मी पहिला चमचा तोंडात घालून गिळेपर्यंत ती माझ्या नाकाकडे बघत होती.

गणपतीत चिपळूणला जायचे आहे. डॉक्टरांनी दोन आठवडे आधी फवारा सुरू करायला सांगितला आहे. परवा आईचा फोन आला. तुझ्यासाठी नवीन चादर आणून ठेवली आहे, म्हणाली, आणि बंबावर पाणी कढवून तीनदा त्यात काढली आहे.

“आणि झटकलेली नाही,” ती म्हणाली.